दोन शतांश

भोसरीतल्या शेडमध्ये पहिली पाळी.
बोअर गेजचा काटा दोन शतांश पुढे.
पुसून लावला, पुन्हा लावला, तरी पुढेच.
बाहेर टेम्पो घुरघुरत उभा.
"सही मार ओहोळ, एवढ्यानं काय इंजिन बसतं?"
म्हणाले कुदळेसाहेब. माणूस वाईट नाही;
प्रिस्काच्या बाप्तिस्म्याला केक त्यांनीच आणला होता.

मी डोळे मिटले नाहीत.
तेलकट हातांनी एवढंच म्हटलं, प्रभू, बघतोयस ना.
काही ऐकू आलं नाही.
कॉम्प्रेसर तेवढा सुरू झाला.
चाळीस नगांवर लाल रंग मारला
आणि महिन्याचा ओव्हरटाइम गेला.

येताना नाक्यावर मेथी घेतली.
भाजीवालीनं वीस रुपये जास्त परत दिले.
ते मला चार पावलांवर कळलं,
आणि मी चालत राहिलो.
सकाळची ऐट अजून अंगात होती ना.

रात्री ताटं मांडून सलोमी म्हणाली,
आज प्रार्थना तुम्ही करा.
हात जोडले. समोर मेथीचा वास.
"हे बापा" म्हणालो
आणि तिथंच काटा अडकला.
प्रिस्कानं एक डोळा उघडून पाहिलं.

उद्या एक बस आधी पकडायला हवी.
ती बाई सकाळी कुठे बसते, कुणास ठाऊक.