पोटात घातलेलं

गिअर टाकला की इंजिन पुढे झुकायचं,
काढला की मागे रेलायचं,
पंगतीतून उठलेल्या जड माणसासारखं,
आणि बॉनेटखालून एक धप्प.
शेजारच्या गॅरेजमधला हिल्लार म्हणाला, माउंट गेले.
नवे तिन्ही मिळून तीनशे युरो.
गाडीच मी चारशेला घेतलेली.

इंजिन आणि गाडी यांच्या मधोमध रबर असतं.
ते तापतं, थडथडतं, आदळआपट करतं,
हे सगळं पोटात घालतं
आणि सीटवरच्याला सांगतं, काही नाही, चालायचंच.
सव्वीस वर्षं सांगत होतं.
आता त्याला चिरा,
आणि मूळच्याच ज्या पोकळ्या ठेवलेल्या असतात त्यात
वाळू, तेल, एक वाळलेलं बर्चचं पान.

फेब्रुवारी. राक्वेरेत उणे सतरा.
इंजिनाखाली लाकडाचा ठोकळा, त्याखाली जॅक.
माउंट काढले, घासले, धुतले, परत धुतले.
तेलाचा अंश राहिला तर पकड येत नाही.
एका अंगाला चिकटपट्टी, घट्ट, नखाने दाबून.
बाबांचा मासे मोजायचा काटा आणला, विचारलं नाही.
दोन डबे. एकात पातळ मध, दुसऱ्यात गढूळ काहीतरी.
शंभराला साठ.
हळू ढवळायचं, बुडबुडा नको,
बुडबुडा म्हणजे परत पोकळीच.
हातमोजे, मास्क, दार उघडं,
आणि उघड्या दारातून आत येणारी ती थंडी,
जिच्यात विरजणही लागत नाही, मग हे कसलं धरतंय.

म्हणून सौना.
वरच्या फळीवर, जिथे पाहुण्यांना बसवतात,
तिथे तीन माउंट, पाणसळ लावून, ओळीने.
बाबा दारात. "तापवलास, आणि पाणी नाही?"
ऐकू येत नसल्यापासून ते मोठ्याने बोलतात.
मी पाटीवर लिहिलं: ओल लागली तर फेसाळतं.
त्यांनी वाचलं, चष्मा काढला,
दगडांकडे बघत म्हणाले, "काय दिवस आले तुमच्यावर."

दोन रात्रींनी नख रुतेना.
तिसऱ्या दिवशी सगळं जागच्या जागी.
धप्प गेलं. गिअर लोण्यात सुरी.
बाकी सगळं मात्र थरथरू लागलं:
आरशातलं चर्च दोन झालं,
ॲश-ट्रेमधली नाणी कुजबुजू लागली,
सिग्नलला उभी असताना माझे दात.
रबर आता काही पोटात घालत नव्हतं.
मी हिशोब करत होते, तीनशे युरो, तीनशे युरो.

बाजूला बाबा, बाजारहाटाला निघालेले.
चाळीस वर्षं लाकडाचे ट्रक दुरुस्त केले,
कान त्यातच ठेवून आले,
सहा वर्षांत माझा आवाजही त्यांच्यापर्यंत गेलेला नाही.
त्यांनी टोपी काढली.
तळवा डॅशबोर्डवर ठेवला. मग दुसरा.
मग कपाळ खिडकीच्या काचेला.
सिग्नल हिरवा झाला, मागून हॉर्न.
"तिसरा!"
रस्ता ओलांडणारी बाई दचकली.
"मारिका, तिसरा सिलिंडर चुकतोय!"
मी म्हटलं, ते माउंट आहेत, मी कडक केलेत, म्हणून.
ऐकू न येण्याचा त्यांना हाच मोठा फायदा.

घरी आल्यावर प्लग काढले.
एक, दोन, चार: फिकट तपकिरी.
तिसरा कोळशासारखा.
दाखवायला गेले तर बघायलाही तयार नाहीत,
त्यांना ते अकरा वाजल्यापासून माहीत होतं.

एक तरी माउंट परत मऊ बसवावा असं मनात येतं,
विशेषतः सकाळी, कॉफी पोटात असताना.
पण रविवारी ते माझ्याआधी गाडीत जाऊन बसतात.
जायचं कुठेच नसतं.
मी चावी फिरवते, हीटरचा पंखा बंद करते,
म्हणजे मध्ये लुडबुड नको.
ते डोळे मिटून, दोन्ही हात डॅशबोर्डवर.
कधी मान हलवतात, हो, हो,
कुणी बऱ्याच वर्षांनी भेटल्यासारखी.

सौनाला अजून यूरेथेनचा वास येतो.
त्याबद्दल ते बोलतात.
रोज. मोठ्याने.