खडखडाटातून

ही दुर्बीण अजून कुणी बांधलेलीच नाही.
अशोक चौकात, मागांच्या शेडवरल्या खोलीत
मी ती रोज रात्री चालवते.

ग्रह मीच रचला. त्याच्या हवेत
चिमूटभर वाफ मीच लपवली,
मग आरशाची थरथर, सेन्सरची ऊब, ताऱ्यावरचे डाग,
सगळा गोंगाट वरून ओतला.
आता शोध, म्हणते प्रोग्रामला.

चारशे वेळा तारा मंदावला.
आलेखावर पाण्याच्या जागी
नुसती एक शंका.

खाली बारा माग खडखडतायत.
चादरीचा तुटका धागा जोडता जोडता
अंबव्वा एकदम मान वळवते :
"नळ आला गं."
पाचव्या दिवसाचा, पहाटे सव्वातीनचा,
आधी नुसती हवा, फुस्स.

मला काहीच ऐकू आलं नव्हतं.

घागर लावून वर येते
आणि गोंगाट
आणखी थोडा वाढवते.