बाजेचा चौथा पाय

तक्रारवहीत बावीस वर्षं एकच वाक्य:
दिवा बंद आहे.
मी शिडी घेऊन जातो, दिवा लावतो, सही करतो.
परवा पहिल्यांदाच कुणीतरी लिहिलं,
दिवा चालू आहे.

मुकादम हसला. म्हणाला, जाऊन ये, बाई वेडी असेल.

कन्नमवार नगर, खाडीकडची बाग.
तिरोडकर सिस्टर फाटकाशी, रात्रपाळीला निघालेल्या,
हातात डबा.
म्हणाल्या, हा शिरीष बघा.
अर्ध्या झाडाची पानं मिटलेली,
दिव्याकडच्या अर्ध्याची टक्क उघडी.
आमच्या वॉर्डात असे पेशंट असतात,
गोळीनं भागत नाही,
डोळ्यांवरचा दिवा काढावा लागतो.

तो दिवा मीच लावलेला.
चारशे वॅट, पांढरा, तोंड वर करून.
तोंड वर असलं की लांबून दिसतो,
आणि खालच्या पाटीवरचं उद्घाटकाचं नावही.

मग मी वर बघितलं. उगाच.
शिडीवर असताना आम्ही वर बघत नाही,
होल्डरकडे बघतो.

चैत्र होता. उत्तरेला म्हातारीची बाज असणार.
गावी खळ्यात झोपायचो तेव्हा चुलता दाखवायचा:
चार खूर बाजेचे, सोन्याचे,
आणि मागे ओळीनं तीन चोर, ते काढून न्यायला आलेले.
म्हातारी जागी असते, म्हणून चोरी होत नाही.

मी मोजले. चोर तीन. बरोबर.
बाजेचे पाय तीन.
पुन्हा मोजले.
चोरांच्या हातात काही नव्हतं,
बिचारे आपापल्या जागी उभे.
चौथा पाय कुणी नेला
हे कळायला पंचनामा लागत नव्हता.
माझ्या हातात पक्कड होती.

मीटिंग झाली, बागेतल्याच बाकांवर.
रामसजीवन वॉचमन म्हणाला, अंधारात काही झालं तर जबाबदारी कोणाची?
अफसाना मॉलमधून साडेअकराला सुटते. ती म्हणाली,
तारे तुमचे तुम्ही बघा, मला पायरी दिसली पाहिजे.
कुणी बोललं नाही. तिचं खरं होतं.

मी तिला दिव्यासमोर उभं केलं. म्हटलं,
त्या जांभळीमागे कोण आहे, सांग.
तिनं डोळ्यांवर हात धरला,
बराच वेळ बघितलं.
कोणी नाही.
जांभळीमागून सिस्टर पुढे आल्या, डब्यासकट.

दिव्याला टोपी करायची तर टेंडर लागतं.
मी पंधरा लिटरवाले तेलाचे डबे कापले,
दोन दिवस हातांना शेंगदाण्याचा वास.
दिव्यांच्या माना खाली वळवल्या,
पायऱ्यांवर पिवळे बल्ब दिले, गुडघ्याच्या उंचीवर.
साहेबांनी विचारलं तर
कावळ्यांची घाण पडू नये म्हणून, असं सांगायचं ठरलंय.

अफसाना येते, पायरी बघून उतरते,
वर बघत नाही. दमलेली असते.
पोरं मात्र बघतात. बंटीनं बारा तारे मोजले,
त्यातला एक सांताक्रुझला उतरला,
त्यावरून मारामारी झाली.

सगळं आभाळ काही परत आलं नाही.
पलीकडे हायवे आहे, टॉवर आहेत,
कुणाच्या तरी वाढदिवसाचा फलक आहे,
त्याच्यावर आठ फोकस, आठही वर तोंड केलेले.
ती हद्द माझी नाही.

काल दुसऱ्या एका कामावरून परतताना,
रात्री दीडला,
बागेत शिडी टेकवली नि थांबलो.
शिरीष दोन्हीकडून मिटलेला.
बाज पश्चिमेकडे कललेली.
चौथा पाय आहे, असं वाटलं.
नीट बघितलं की जातो,
जरा बाजूला बघितलं की येतो.

तर मी बाजूला बघत उभा राहिलो,
नेलेली वस्तू गुपचूप परत ठेवताना
माणूस जसा दुसरीकडे बघतो तसा.