एचची किंमत

प्रयोगशाळेचे पडदे ओढले, तरी एका फटीतून
माटुंग्याची दुपार आत येतच होती.
पिवळा फिल्टर, हिरवा, मग निळा.
काटा हलतो, परततो, शून्यापाशी घुटमळतो.
मी आकडे लिहिते. खारशीकर मॅडम
मागून काही न बोलता जातात, हे जास्त वाईट.

पहिल्या चाचणीत वीसपैकी चार.
तरंगफलाचा वर्ग म्हणजे शक्यता, हे पाठ आहे.
पण तरंग कशाचा, असं विचारलं
की सगळा वर्ग वहीत बघतो.

रात्री बाबांना म्हटलं, प्रकाश सुटा मिळत नाही,
पुड्यांमध्येच येतो.
लोहार चाळीत सव्वीस वर्षं बल्ब विकलेला माणूस
ताटातला भात सारखा करत म्हणाला,
मग त्यात नवीन काय?
अर्धा बल्ब आजवर कोणी मागितला नाही.

मी हसले. ताटं उचलली.
ओट्यापाशी उभ्यानंच तेच पान पुन्हा वाचलं.
समजलं असं नाही, पण समीकरणानं
या खेपेस तोंड फिरवलं नाही.

आलेख काढला, चढ मोजला.
एचची किंमत पुस्तकातल्याहून तीस टक्के कमी.
मुर्तझा म्हणाला, दोन बिंदू वर सरकव जरा,
सगळेच सरकवतात.
खोडरबर हातातच होतं.

जर्नलमध्ये शाईनं लिहिलं, आलं ते.
आणि खाली, त्रुटीचं संभाव्य कारण:
बाहेरचा उजेड.