ताटाएवढी पोळी

लेक दावावहून परतली त्याला सत्तेचाळीस दिवस.
परीक्षेचं नाव घरात कुणी काढत नाही.

सकाळी सहाला दांडियाबाजारातल्या आमच्या ओट्यावर
लसूण ठेचल्याचा आवाज.
रात्रीचा भात ती बोटांनी मोकळा करते,
लसूण तांबूस होईस्तोवर
कढईवरून नजर हलवत नाही.
(पुस्तकावरून मात्र... पण ते मी गिळतो.)

खिम्यात गूळ, मिरं, व्हिनेगर.
तिकडचं ते इवलं लिंबू इथे कुठलं?
आपल्याच लिंबात ती संत्र्याची फोड पिळते,
चाखते. नाही.
पण चालेल.

"बाबा, पोळी ताटाएवढी लाटा."
हिची आई गेल्यापासून लाटणं माझ्याकडे.
गुजरातचा नकाशा होतो,
सौराष्ट्र पोळपाटाबाहेर लोंबतं.

भात, खिमा, अंडं,
वर कालच्या सेव-उसळीतली उरलेली शेव.
टोकं आत दुमडून ती गुंडाळते
वॉर्डातल्या नवजात बाळासारखी.

"तिकडे कशी आहेस असं विचारत नाहीत," ती म्हणते,
"जेवलीस का, विचारतात."
"मग?"
"मग खरं सांगावं लागतं."

पोळी खालून फाटते.
ओघळ मनगटावरून घड्याळाखाली.
मी पुढचा गोळा घेतो.
बघू, या खेपेला काठेवाड आत राहतं का.