तुटक रेष

महाप्याच्या तिसऱ्या मजल्यावर
तीन आठवडे आम्ही एका वाक्यावर बसून होतो.
'सदर प्रणाली कोपरखैरण्यातील पूर'
इथवर सगळ्यांचं एकमत,
पुढे क्रियापद अडलं.
'रोखेल', विक्रीवाले म्हणाले.
'कमी करेल', म्हणाले पालिकेचे उपअभियंता भोगटे,
आणि लगेच, आधी 'शक्यतो' घाला, उद्या ऑडिट येतं.
नाझनीननं दोन्ही खोडून लिहिलं: 'कळवेल'.
मग बराच वेळ फक्त एसी बोलत होता.
कळवेल, एवढंच?
एवढ्याचे पावणेचार कोटी?

मी फळ्यावर चौकोन काढला.
आत चार सेन्सर, दोन पंप, एक झडप, एक सर्व्हर.
बाहेर खाडी, चंद्र, कांदळवन, गाळ,
नाल्यात गाद्या टाकणारी माणसं.
चंद्राला बाहेर ठेवायला कुणाची हरकत नव्हती.
गाळावरून मात्र दीड तास गेला.
गाळ कुणालाच आपल्या चौकोनात नको असतो.

शेवटी कुणीतरी म्हणालं,
तलाव तरी एकदा बघून या.

धारण तलाव क्रमांक चार.
काठावर पत्र्याची केबिन,
आत हसुराम मढवी, एकवीस वर्षं कंत्राटी,
खुर्चीच्या एका पायाखाली टाइलचा तुकडा.
भरतीचं वेळापत्रक कुठे लावलंय, मी विचारलं.
"आज चवथ. चार पावणे तीन. तीनला भरती."
माझ्या फोनवर तीन वाजून सात.
मी दोन्ही लिहून घेतले.

प्रश्न पहिला, छापील:
या तलावाचे प्रयोजन, आपल्या शब्दांत.
त्यानं माझ्याकडे असं पाहिलं
की उंबऱ्याचा उपयोग विचारला असावा मी.
"खाडी भरली की झडप मिटते, मॅडम.
तवर गावाच्या पान्यानं जावाचं कुठं?
हितं बसाचं.
खाडी उतरली की निंगाचं.
थांबाची जागा हाय. दुसरं काय?"

आणि झडप मिटली हे कसं कळतं?
"आयकाला येतं."
नीट मिटली तर भारी आवाज, पोटातून.
पिशवी अडकली तर आखूड.
मग तो बांबूचा आकडा घेऊन शिडीनं उतरतो,
रात्र असेल तर बॅटरी दातांत धरून.
माझ्या तक्त्यात आवाजाला रकाना नव्हता.
शेऱ्यात लिहिलं.

दुसऱ्या दिवशी वाक्य झालं:
भरती उतरेपर्यंत पाण्याला थांबायला जागा उरली आहे का,
हे माणसांना वेळेत सांगणे.
'थांबायला' तांत्रिक आहे का, भोगट्यांनी विचारलं,
पण जेवणाची वेळ झाली होती, मंजूर झालं.

राहिला चौकोन.
मढवी कुठे?
आत घेतला तर त्याचं प्रशिक्षण आलं, विमा आला,
तो आजारी पडला तर कोण, हेही आलं.
बाहेर ठेवला तर
चंद्र आणि गाळ यांच्यामध्ये एक ओळ रिकामी होतीच.
"सेन्सर बसल्यावर केबिन लागतेच कशाला?"
विक्रीवाल्यांनी हे अगदी सहज विचारलं, वाईट मनानं नाही.
नाझनीननं मार्कर माझ्यापुढे सरकवला.
मी रेष केबिनच्या मधून नेली, आणि तुटक.
आमच्या नियमांत तुटक रेषेचा अर्थ:
नंतर ठरवू.
सह्या झाल्या. आवृत्ती एक पूर्णांक शून्य.

पुनवेला, पंधरा पावणे सव्वाअकरा,
भरतीला अजून दीड तास असताना
माझ्या फोनवर झडप बंद झाली,
हिरवा ठिपका, अगदी गोल.
मी स्क्रीनशॉट काढून गटावर टाकला.
भोगट्यांचा अंगठा आला.

मग फोन.
"मॅडम, मिटली नाय. आखूड आला."
पिशवी आहे का?
पलीकडे शिडीवर पावलं, पाणी,
दातांत काहीतरी धरून बोलल्यासारखा आवाज.
"गादी हाय."