बारी

निझवाच्या इस्पितळात मी हाडांचे फोटो काढते.
दिवसातून सत्तर वेळा म्हणते, श्वास रोखा.
मग म्हणते, सोडा.

ईदच्या सुट्टीत सायकलला तीन पिशव्या बांधल्या,
नऊ लिटर पाणी, खजूर, चार ट्यूबा,
कालचे खुब्ज फडक्यात गुंडाळून,
आणि अल हमरा मागे टाकून वर निघाले.

चढ कशाला म्हणतात
हे साक्रीकडच्या पोरीला कुणी शिकवायला नको,
पण हा चढ प्रत्येक वळणाआड
आणखी एक चढ राखून ठेवतो.
तिसऱ्या वळणाला उतरले. ढकलत नेली.
कडेवर एक बकरी पुठ्ठा चावत उभी,
माझ्याकडे अशी बघत
जणू आता तिकीट विचारेल.

इथल्या डोंगराला कातडी नाही.
फिल्म उजेडाला धरावी तसा उभा :
बरगड्या, सांधे,
एक जुना मोड, वाकडाच जुळलेला.
दोन हजार मीटरवर दगडात शिंपला सापडला.
खिशात घातला.
थोडं चालून परत जाऊन ठेवला.
समुद्राचा सातबारा असेल, कुणी सांगावं.

दुपारी समरच्या झाडाखाली काटा लागला,
काटा बाभळीचाच, नुसता अरबी बोलणारा.
चाक काढताना दिसलं,
फोर्कला घासून पाण्याची पिशवी फाटलीय.
मागे वळून पाहिलं :
रस्त्यावर माझ्या पाण्याची रेघ
लांबून वाळत वाळत
माझ्याचकडे येत होती.

नकाशातल्या टाकीत
एक पाल होती, आणि ओलाव्याचा वास.

अंधार पडल्यावर गाव आलं, की गावाचा आवाज आला,
डाळिंबांच्या पायऱ्यांमधून
वीतभर रुंद फलज, स्वतःशी पुटपुटणारा.
मी गुडघ्यांवर. बाटली पाण्यात.
तेवढ्यात टॉर्च तोंडावर.

मी पाटकऱ्याची मुलगी आहे.
दुसऱ्याच्या बारीत हात घालणं काय असतं
ते मला ठाऊक आहे.
पांझरेच्या फडावर दादांनी
सख्ख्या मेहुण्याचं नाव वहीत लिहिलं होतं,
रात्री दार फोडलं म्हणून.
आई दोन दिवाळ्या बोलली नाही त्यांच्याशी.

बाटली अर्धीच होती. मी ती उलटी करायला लागले.

म्हातारा खल्फान. तोडकी हिंदी, मस्कतच्या बंदरावरची.
म्हणाला, तो तारा कड्याआड जाईपर्यंत
हे पाणी शमसाच्या लिंबांचं.
मग माझा हात धरून बाटली पुन्हा बुडवली.
बाग पिते, तिला बारी.
माणूस पितो, त्याला कसली आलीय बारी?

ओसरीवर कहवा. पुरे झालं की पेला हलवायचा,
इतकी वर्षं इथे राहून एवढं कळतं.
मी चौथ्यापर्यंत हलवला नाही.

तो आकाशाकडे बघे, मग मोबाइलकडे.
ताऱ्यावर भरवसा आहे, म्हणाला,
चष्म्यावर नाही.
गजर वाजला तशी काठी टेकत उठला,
चिंधी गुंडाळलेल्या दगडाकडे बोट करून
मला म्हणाला, तू उचल, माझी कंबर गेली.

दारं धरायला दादा भावाला न्यायचे.
कंदील पुसून देणं माझ्याकडे.
पोरीनं रात्रीचं दारं धरू नये,
का, ते त्यांनी सांगितलं नाही
आणि मीही कधी विचारलं नाही.

दगड जड होता.
उचलला. पाणी क्षणभर थांबलं,
आपण ज्याला म्हणतो ना, श्वास रोखा, तसं,
आणि वळून दुसऱ्याच कुणाच्या बागेत गेलं.
खल्फाननं वहीत काहीतरी लिहिलं.
माझ्याबद्दल नव्हतं.

सकाळी उतार. ब्रेकांना जळका वास.
फाटक्या पिशवीला त्याच्या नातवानं लावलेलं
निळं ठिगळ,
आणि आत काठोकाठ पाणी,
कुणाच्याच नावावर न मांडलेलं.